चार किलोमीटरचा प्रश्न

"आजी, मी क्लासला सायकलनं गेले तर?"

प्रश्न साधा होता. रविवारची सकाळ, टेबलावर तर्री-पोहे, वर्तमानपत्राच्या पुरवण्या घरभर पसरलेल्या. विचारणारी माझी नात, वय वर्षे तेरा. प्रश्न कानावर पडताच घरात जी शांतता पसरली ती मात्र साधी नव्हती. मुलाने चहाचा कप खाली ठेवला. सुनेने माझ्याकडे पाहिले आणि मी खिडकीबाहेर. प्रतापनगरातले आमचे घर ते धरमपेठेतला तिचा क्लास, अंतर जेमतेम चार किलोमीटर. पण त्या चार किलोमीटरांत काय काय येते ते आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

"कोणत्या रस्त्यानं जाशील ते आधी सांग," मुलगा म्हणाला.

त्याच्या मते तो नकारच होता, फक्त प्रश्नाच्या वेषातला. पण पोरीने तो परीक्षेतल्या प्रश्नासारखा घेतला आणि उत्तर शोधायला माझ्याकडे आली. बत्तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. ब्राझीलच्या नद्या, सैबेरियाचे हवामान फळ्यावर खडूने काढून दाखवले. आणि माझ्याच नातीला माझ्याच गावात, घरून क्लासला सुखरूप जायचा रस्ता मला सांगता येईना! लाज वाटली, खोटे कशाला सांगू?

कारण मी स्वतः सायकलवरच वाढलेली. १९७५ साली महालातून शंकरनगरच्या एल.ए.डी. कॉलेजला मी रोज सायकलने जात असे. बडकस चौक, गांधी गेट, कॉटन मार्केट, लोहापुलाखालून सीताबर्डी, मग झाशी राणी चौकातून उत्तर अंबाझरी मार्गाने सरळ कॉलेज. वडील एम्प्रेस मिलमध्ये. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही गिरणी; तिचा भोंगा झाला की आमच्या भागातली घड्याळे लावली जात. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. घंट्यांचा तो किणकिणाट अजून कानात आहे. "कोणत्या रस्त्यानं जाशील?" असे वडिलांनी मला कधी विचारले नाही. आम्ही फार शूर होतो अशातला भाग नाही. रस्त्यावर आमच्यासारखेच सगळे होते, एवढेच.

आज गिरणी नाही. माझ्या त्या कॉलेजच्या रस्त्यावरून मेट्रो धावते. २०२० च्या जानेवारीत लोकमान्यनगर-सीताबर्डी मार्ग सुरू झाला आणि एल.ए.डी. चौक नावाचे स्टेशनच उभे राहिले. मेट्रोत मी बसते, आवडीने बसते. पण खाली खांबांच्या दोन्ही बाजूंनी वाहणाऱ्या गाड्यांत तेरा वर्षांच्या पोरीला सायकलवर सोडायला माझाही जीव धजत नाही.

नकाशांचे गाव

शेजारचा एक मुलगा अभियांत्रिकीला आहे. त्याच्याकडे मी गाऱ्हाणे मांडले, तर तो म्हणाला, "काकू, तुम्ही भूगोलाच्या ना? मग नकाशाच बनवा की! सॉफ्टवेअर फुकट मिळते."

फुकट म्हटल्यावर माझा विश्वास बसेना. पण खरेच होते. क्यूजीआयएस नावाचे हे सॉफ्टवेअर २००२ साली सुरू झाले आणि जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. त्यात भरायला रस्त्यांची माहिती हवी, तीही फुकट. इंग्लंडमध्ये २००४ साली स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. ज्याने त्याने आपापल्या गल्लीचा नकाशा काढायचा आणि सर्वांसाठी मोकळा ठेवायचा, अशी ती कल्पना. भिशीसारखे म्हणा ना. फरक इतकाच की इथे पैशाऐवजी रस्ते जमा होतात.

खरे तर नकाशा आणि नागपूर यांचे नाते जुने. हिंदुस्थान मोजायला निघालेला विल्यम लॅम्बटन मद्रासेकडून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत वर येत होता. नागपूरच्या वाटेवर असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा अंत झाला. त्याची कबर तिथेच आहे. सीताबर्डीजवळचा चार घोड्यांचा झिरो माइलचा स्तंभ तर आपण सगळे येता-जाता पाहतो. माती आणि जमिनीच्या वापराचे नकाशे करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे, राज्याचे सुदूर संवेदन केंद्रही इथेच. एवढे सगळे मोजून झालेल्या गावात एका मुलीच्या सायकलीपुरता रस्ता तेवढा मोजायचा राहिला होता.

सॉफ्टवेअरचे मर्म मला पाच मिनिटांत कळले, कारण ते मी आयुष्यभर हाताने केले होते. आम्ही ट्रेसिंग पेपरवर नद्या काढायचो, दुसऱ्यावर डोंगर, तिसऱ्यावर गावे, आणि एकावर एक ठेवून उजेडाकडे धरायचो. हेही तेच. एका थरावर रस्ते, एकावर चौक, एकावर जमिनीचा चढउतार. हा चढउतार २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने टिपलेला आहे. आमच्या भागात तो फारसा कामाचा नाही म्हणा. आमचा खरा चढ उन्हाचा!

रस्त्याला गुण कसे द्यावेत?

आता प्रश्न आला तपासणीचा. रस्ता सायकलीला "योग्य" म्हणजे नेमका कसा? यावर परदेशांत बराच विचार झाला आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात सुमारे दीडशे माणसांना सायकलवरून एका ठरावीक मार्गाने पाठवले आणि प्रत्येक तुकड्याला श्रेणी द्यायला सांगितले. त्यावरून ब्रूस लँडिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली एक सूत्र मांडले. बाहेरच्या लेनची रुंदी, गाड्यांची संख्या आणि वेग, जड वाहने, रस्त्याची प्रत अशा गोष्टी त्यात येतात. पुढे २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या सान होजे शहराच्या अभ्यासात रस्त्याचा "ताण" मोजायची सोपी रीत आली. पहिली पायरी मुलांना झेपणारी, दुसरी बहुतेक मोठ्या माणसांना, तिसरी सवयीच्या सायकलस्वारांना आणि चौथी फक्त निधड्या छातीच्या लोकांना.

ही चौथी पायरी वाचताना मला रिंग रोड आठवला.

सूत्र चांगले, पण ते आपल्या मातीतले नव्हते. त्यात सावलीला गुणच नाहीत! मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, नवतपात रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, तिथे कडुनिंबाच्या रांगेला गुण नकोत? त्यात उघडे चेंबर नाहीत, सिमेंट रस्ता आणि बाजूचे गट्टू यांच्यामधली चाक अडकवणारी फट नाही, रात्री मागे लागणारी कुत्री नाहीत. चुकीच्या बाजूने समोरून येणारी स्कूटर तर नाहीच नाही. आणि पाऊस? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. ती रात्र पाहिलेल्या माणसाने पाणी साचणाऱ्या जागा वगळून नकाशा कसा काढावा?

म्हणून आम्ही आमचा तक्ता केला. सहा रकाने: गाड्यांचा वेग, गर्दी, रस्त्याचा पृष्ठभाग, कडेला उभ्या गाड्या, सावली आणि चौक. प्रत्येकाला दहापैकी गुण. जास्त गुण म्हणजे हिरवा रंग, मधला पिवळा, कमी तो लाल.

मग दोन महिने दर रविवारी आमची वरात निघे. पुढे नात सायकल हातात धरून, मागे मी वही घेऊन, आणि शेजारचा मुलगा फोनवर जागा टिपत. एक गृहस्थ फाटकाशी येऊन म्हणाले, "बाई, रस्ता रुंद करणार आहेत का? आमची भिंत नाही ना जात?" एका दुकानदाराला आम्ही अतिक्रमणवाले वाटलो, त्याने मुकाट्याने दोन पाट्या आत घेतल्या. नातीला त्या दिवशी वहीचे सामर्थ्य समजले.

घरात बसून न कळणाऱ्या कितीतरी गोष्टी पायांनी सांगितल्या. संगणकाच्या नकाशावर जी "निवासी गल्ली" म्हणून शांत दिसते, तिच्या दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असतात आणि मधून एक ऑटो गेला की सायकलला जागा उरत नाही. उलट शाळेमागची एक गल्ली, जी नकाशात धड नव्हतीच, ती निघाली गर्द झाडांची आणि निवांत. ती आम्ही नकाशात भरली. नातीने स्वतः रेघ ओढली. जगाच्या नकाशावर आपली एक रेघ! तिचा तो आनंद पाहून बत्तीस वर्षांच्या नोकरीचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

सरासरीने केला घात

गुण भरून झाले आणि आम्ही सॉफ्टवेअरला विचारले, घर ते क्लास उत्तम रस्ता दाखव. त्याने क्षणात एक रेघ काढली. सरासरी गुण दहापैकी सात! नात टाळ्या पिटत उठली. मुलगा मात्र पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आई, हा मधला चौक बघ."

चौकाला दोन गुण होते. आजूबाजूच्या शांत गल्ल्यांनी मिळवलेल्या आठ-नऊ गुणांत ते दोन बुडून गेले होते. मी शिक्षिका, आणि मला हे आधी सुचू नये! मराठीत नव्वद मिळाले म्हणून गणितात नापास झालेल्या पोराला आपण वर ढकलतो का? रस्त्याचेही तेच. साडेतीन किलोमीटर सुखाचे आणि पन्नास पावले जिवावरची असतील, तर तो रस्ता त्या पन्नास पावलांइतकाच चांगला. सान होजेच्या अभ्यासकांनी हाच नियम सांगितला आहे: मार्गाचा ताण म्हणजे त्यातल्या सर्वांत वाईट तुकड्याचा ताण. साखळी तुटते ती कमजोर कडीपाशीच.

म्हणून आम्ही सॉफ्टवेअरला दुसरी आज्ञा दिली. जिथे चारपेक्षा कमी गुण आहेत तो तुकडा नकाशातून काढूनच टाक, आणि आता रस्ता शोध.

उत्तर आले, मार्ग उपलब्ध नाही.

कोणी काही बोलले नाही. पडद्यावर जे चित्र उरले होते ते मी विसरणार नाही. प्रतापनगर हिरवे, लक्ष्मीनगर हिरवे, धरमपेठेच्या आतल्या गल्ल्या हिरव्या. पण एकेक सुटे. पुराच्या पाण्यात उरलेल्या बेटांसारखी ती दिसत होती. सान होजेतही हेच आढळले होते: शहरातले निम्म्याहून अधिक रस्ते शांत गटातले, पण तेवढ्याच रस्त्यांनी घरून कामावर पोचू शकणारी माणसे नगण्य. आपल्या पोरांना घरापुढे गोल गोल सायकल फिरवता येते, कुठे पोचता मात्र येत नाही. आपण म्हणतो, हल्लीची मुले मोबाइल सोडत नाहीत. अहो, जातील कुठे? आपण त्यांना बेटावर ठेवले आहे.

नागपुरात प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २०२० साली केंद्र सरकारने शहरांसाठी सायकलींची स्पर्धा घेतली आणि २०२१ मध्ये निवडलेल्या अकरा शहरांत नागपूर होते. प्रत्येकी एक कोटीचे बक्षीस होते. सप्टेंबर २०२१ मध्ये आय-रास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात शहर बसगाड्यांवर कॅमेरे बसवून, अपघात व्हायच्या आधीच धोक्याच्या जागा नकाशावर हेरायची कल्पना होती. आपल्या गावच्या डॉ. अमित समर्थांनी तर २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली. पण अमेरिका पार करणे वेगळे आणि तेरा वर्षांच्या मुलीने दक्षिण अंबाझरी मार्ग पार करणे वेगळे. रस्त्याच्या कडेला रंगवलेला पट्टा मीही पाहिला आहे. त्यावर बहुधा मोटार उभी असते, नाहीतर हातगाडी. पट्टा चौकाच्या अलीकडे संपतो. म्हणजे जिथे गरज तिथेच नेमका नाही.

उतरली की पादचारी

तोडगा नातीनेच काढला. दोन-तीन दिवस ती नकाशा मोठा करकरून बघत होती. एका संध्याकाळी म्हणाली, "आजी, सिग्नलला मी सायकलवरून उतरले आणि हातात धरून चालत गेले, तर मी सायकलवाली राहते का?"

"नाही. पादचारी होतेस."

"मग पादचाऱ्याचे गुण भर ना!"

हिरव्या बेटांची टोके कुठे सर्वांत जवळ येतात ते आम्ही शोधले. सिग्नल असलेला, मध्ये थांबायला दुभाजक असलेला एक चौक सापडला. तिथे चालत ओलांडायचे, पलीकडे पुन्हा चाकावर बसायचे. सॉफ्टवेअरने रेघ काढली. चार किलोमीटरचे सव्वापाच झाले. वाकडी वाट, पण वाट! पहिल्या दिवशी मुलगा स्कूटरवर मागे मागे गेला. दुसऱ्या दिवशी निम्म्या वाटेवरून परतला. तिसऱ्या दिवशी घरीच थांबला आणि ती पोचल्याचा फोन येईपर्यंत त्याने एकच पान चार वेळा वाचले.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते.

नकाशा आम्ही छापून फाटकाजवळ लावला होता. कॉलनीतल्या मुलांना उपयोगी पडावा म्हणून. आमच्या इमारतीचा रात्रीचा चौकीदार एकदा कंदील धरल्यासारखा मोबाइलचा उजेड पाडून तो बघत उभा होता. मी उत्साहाने समजावले, हिरवे म्हणजे सुरक्षित, लाल म्हणजे धोक्याचे.

"आमचा रस्ता कोणता बाई यात?"

तो दिघोरीपलीकडून येतो. सुमारे दहा किलोमीटर, बहुतेक रिंग रोडने. रात्री आठला ड्यूटीवर, सकाळी आठला परत. त्याची वस्ती आमच्या नकाशात नव्हतीच. आम्ही तिथवर गेलो नव्हतो आणि स्वयंसेवकांच्या नकाशातही त्या भागातल्या कितीतरी गल्ल्या कोऱ्या होत्या. ज्याच्या हातात संगणक, त्याची गल्ली नकाशात. मी ओशाळून म्हटले, "तुमचा रस्ता सगळा लालच आहे हो."

तो हसला. "लाल असो का हिरवा, बाई, ड्यूटी आठचीच हाये."

त्या एका वाक्याने माझा दोन महिन्यांचा तक्ता उलटा करून माझ्यापुढे ठेवला. मी नकाशा काढला तो "जायचे की नाही" हे ठरवण्यासाठी. त्याला ती निवडच नाही. २०११ च्या जनगणनेत लोकांना विचारले होते, कामावर कसे जाता? देशभरात कोट्यवधींनी सांगितले, सायकलने. त्यांतले किती जण हौसेने जात असतील? माझी नात लाल रस्ता टाळू शकते, सव्वापाच किलोमीटरचा वळसा घेऊ शकते, अगदीच नाही तर बापाच्या स्कूटरवर बसू शकते. नकाशातला लाल रंग तिच्यासाठी "जाऊ नकोस" असा इशारा आहे. चौकीदारासाठी त्याचा अर्थ एकच असायला हवा: "हा रस्ता आधी दुरुस्त करा." रंग तोच, पण तो कोणासाठी वाचायचा, ते सॉफ्टवेअर सांगत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते.

इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल मार्ग कसे आखावेत याच्या शिफारशी १९६२ सालीच छापल्या आहेत. म्हणजे मी शाळेतही जात नव्हते तेव्हा! अडले आहे ते ज्ञानावाचून नाही.

गेल्या महिन्यापासून आमची रविवारची वरात दिघोरीकडे जाते. चौकीदाराच्या वस्तीतल्या सहा गल्ल्या भरून झाल्या. नावे त्याच्या मुलीने सांगितली. ती आठवीत आहे, माझ्या नातीएवढीच. तिच्या शाळेचा रस्ता रिंग रोड ओलांडून जातो. सॉफ्टवेअरला विचारले, लाल तुकडे वगळून मार्ग दाखव. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

त्या चौकात सिग्नल नाही, दुभाजकात थांबायला जागा नाही. तिथे सायकलवरून उतरूनही भागत नाही. तो नकाशा, त्या एका चौकाला शाईने गोल करून, आम्ही अर्जाला जोडला आहे. खाली चाळीसएक सह्या आहेत. सर्वांत वर दोन तेरा वर्षांच्या मुलींच्या.

आमचा चार किलोमीटरचा प्रश्न सुटला. दहा किलोमीटरचा अजून तसाच आहे. तोवर चौकीदाराच्या सायकलच्या मागच्या मडगार्डला नातीने चमकणारी लाल पट्टी चिकटवून दिली आहे. रात्री आठला फाटकाशी ती चमकली की मी खिडकीतून हात करते. आणि दिवा मालवण्याआधी, कधी काळी माझ्या आईने केली असेल तशी, सकाळची वाट पाहते.